आबांची जीप, ब्रेकचं काम

९ फेब्रुवारी २०२५, चाळीसगाव

आजपासून लिहून ठेवतोय. तीन महिन्यांनी कुठला बोल्ट कुठं लावला ते आठवत नाही, आणि कोणाला हेच काम करायचं असेल तर त्याचा तरी वेळ वाचेल.

गाडी १९७९ ची महिंद्राची छोटी जीप, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंच. आबांनी लिलावात घेतली तेव्हा तिच्यात पेट्रोलचं २.२ लिटरचं हरिकेन इंजिन होतं. पेट्रोल परवडेना म्हणून १९९८ ला डीआय डिझेल बसवलं, २.५ लिटरचं. मग गिअरबॉक्स बदलला, मग टायर मोठे केले, मग कापूस वाहायला कॅरियर. पळायची आणि वाहायची ताकद वाढवत गेलो आणि थांबायची ताकद आहे तिथंच राहिली. चारी चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं भांडं आणि त्याला आतून दाबणारे शू, शूवरचं घासायचं अस्तर ते लायनर. पेडलचा जोर ऑइलमधून चाकांना पोचवणारा मास्टर सिलिंडर एकच, पायाखाली चेसिसला. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. कंपनीने त्या वेळच्या वेगाला आणि वजनाला पुरतील असेच ब्रेक दिले होते, वजन आणि वेग आम्ही वाढवला.

१९ जानेवारीला घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन परत येत होतो. गाडीत आबा, आई, ताई आणि तिची दोन पोरं. कन्नड घाट उतरताना निम्म्यात जळका वास यायला लागला, पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर ते नुसतं खाली गेलं, दोनदा पंप केल्यावर थोडं धरलं आणि त्याच्या पुढच्या वळणाला काहीच नाही. आबा शेजारी बसले होते, ते फक्त "हँडब्रेक" एवढंच म्हणाले. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागं प्रॉपेलर शाफ्टवर त्याचा वेगळा छोटा ड्रम असतो, म्हणून तो शाबूत होता. दुसऱ्यातून पहिल्यात टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढत नेला आणि कठड्याच्या बाजूला गाडी उभी राहिली. धाकटा भाचा झोपेत होता, त्याला काही कळलंसुद्धा नाही. मी खाली उतरलो आणि पाच मिनिटं मला बोलता येईना.

ती गाडी विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. मग ब्रेक बदलायचे.

१६ फेब्रुवारी

चारी चाकं खोलली. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवली, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. डावीकडचे नट उलट्या आट्यांचे आहेत हे लक्षात ठेवा, नाहीतर पाना लावून जोर करत बसाल आणि स्टड तुटेल. ड्रम काढल्यावर आतली पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की निघत नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतली.

मागच्या उजव्या चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे शू ढकलणारा, गळत होता, लायनर ऑइलने भिजून काळा पडलेला. बाकी तिन्ही चाकांचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले, म्हणजे घाटात तापून पार चमकलेले. ड्रमचा आतला व्यास मोजला, ९ इंच. एकाला भेगा.

घाटात दोन गोष्टी एकदम झाल्या असणार असं वाटतं. ड्रम तापला की तो फुगतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकड कमी होते, म्हणून पेडल खोल जातं. आणि मास्टर एकाच सर्किटचा असल्यामुळे एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारी चाकांचा दाब गेला. ब्रेक ऑइल किती वर्षांत बदललं नव्हतं ते आबांनाही आठवत नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ या दर्जाचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तीच हद्द १४० वर येते, आणि उकळलं की पाइपात वाफ, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं.

२३ फेब्रुवारी

आज मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात, मीपण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जीपला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "इंजिन घोडानं शे, लगाम मातर बकरीना."

ठरलं ते असं. पुढं बोलेरोच्या डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅड दाबणारा भाग), मागं ड्रमच ठेवायचे पण नवे ड्रम, नवे सिलिंडर, नवे लायनर. टँडम मास्टर म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांचं सर्किट वेगळं, एक गेलं तरी दुसरं राहील. त्याला बूस्टर. आणि सगळे पाइप नवीन.

बूस्टर का, हे मला आधी कळत नव्हतं. जिभाऊंनी जुना शू हातात घेऊन दाखवलं. ड्रममध्ये पुढचा शू ड्रमच्या फिरण्याबरोबर स्वतःच आत रुततो, म्हणजे थोडं काम चाकच करून देतं. डिस्कमध्ये तसं काही नाही, पॅड दोन्हीकडून दाबतो तेवढाच. म्हणून बूस्टर न लावता नुसती डिस्क लावली की लोक म्हणतात आधीच बरं होतं, पाय दुखतो. डिस्कचा फायदा हा की ती उघडी असते, हवा लागते, तापून फुगली तरी पॅडपासून लांब जात नाही, आणि पाणी लागलं तर लगेच झटकून टाकते.

चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ दोन्ही गाड्यांचं सारखंच आहे, ५ बोल्ट, १३९.७ मिमी. त्यामुळे डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जुळवणं सोपं होईल असं वाटतंय.

२ मार्च

सोपं नाही झालं. डिस्कचं मधलं भोक आपल्या हबवर बसत नाही, लेथवर वाढवावं लागलं. ते धुळ्याला एका लेथवाल्याकडे करून आणलं, काम चांगलं झालं.

कॅलिपर धरायची ब्रॅकेट मात्र इथंच बनवायला दिली. जुन्या ड्रमची मागची प्लेट ज्या ६ बोल्टांवर होती तिथंच ही ब्रॅकेट येते, १२ मिमीची प्लेट. गॅस कटरने कापून दिली आणि लावून बघितली तर कॅलिपर तिरका. फार नाही, दीड-दोन मिमीचा फरक, पण पॅडचं वरचं टोक डिस्कला टेकतंय आणि खालचं टोक हवेत. वेल्डिंगवाला म्हणाला चालेल, घासून घासून बसेल. नाही चालणार. पॅड पाचरीसारखा झिजेल, दट्ट्या वाकडा बाहेर येईल आणि अडकेल. गाडीतल्या बाकी कुठल्याही ब्रॅकेटला मी चालेल म्हटलं असतं.

९ मार्च

ब्रॅकेट पुन्हा बनवली. ह्या वेळी आधी पुठ्ठ्याचा साचा, मग ३ मिमी पत्र्याचा, तो गाडीला लावून कॅलिपर धरून बघितला आणि मगच जाड प्लेट, आणि भोकं ड्रिलवर, गॅसने नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो तो बघून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात पांढरे चकाकणारे बिननंबरी बोल्ट मिळतात ते इथं लावायचे नाहीत. ब्रेक मारला की सगळ्या गाडीचा रेटा ह्याच बोल्टांवर येतो.

डायल गेज लावून डिस्क फिरवली. डावी ०.०५ मिमी डुलते, उजवी ०.१८. ०.१ च्या वर गेली की पेडल थरथरतं. उजवा हब काढला, त्याच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा होता, तारेच्या ब्रशने साफ केला, पुन्हा लावली, ०.०७. एवढ्याशा गंजाने एवढा फरक पडतो.

बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं, ऑइल सील नवीन टाकले. सील गळला तर ग्रीस थेट डिस्कवर येतं. १६ इंची रिम असल्यामुळे कॅलिपरला जागा भरपूर आहे, बोट आरामात जातं.

१४ मार्च

धुळवड. गाडीला हात नाही लावला.

२३ मार्च

पेडलचं काम. जुनं पेडल जमिनीतून वर येतं आणि मास्टर खाली चिखलात असतो. ऑइलची पातळी बघायला फळी उचलावी लागते, म्हणून कोणी बघतच नाही. आता लटकतं पेडल लावलं, भंगार बाजारातून आणलेलं, बूस्टर आणि मास्टर इंजिनच्या बाजूला वर. झाकण उघडलं की ऑइल डोळ्यासमोर.

फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि पेडल यांच्या मधला, पत्रा पातळ आहे, पेडल दाबलं की तो आतबाहेर होताना दिसत होता, म्हणजे पायाची निम्मी ताकद पत्रा वाकवण्यात जाणार. मागून ५ मिमीची प्लेट लावली आणि तिचा एक पाय थेट चेसिसला नेला. आता हलत नाही.

पेडलचं माप पण बघावं लागतं. पेडल ज्या खुंटीवर हलतं तिथून पायपट्टीपर्यंत २८० मिमी आणि खुंटीपासून बूस्टरच्या दांड्यापर्यंत ७० मिमी, म्हणजे ४ ला १. बूस्टर असेल तर एवढं पुरतं, बिनबूस्टरच्या गाडीत साधारण ६ ला १ लागतं. माप जास्त ठेवलं तर पेडल हलकं होतं पण फार खोल जातं.

आज आबा शेडमध्ये येऊन बसले होते. काही बोलले नाहीत, फक्त जुना मास्टर हातात घेऊन बराच वेळ पुसत बसले.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून दुपारी व्हॅक्युमचं काम.

पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटलमुळे आपोआप व्हॅक्युम तयार होतो आणि बूस्टर त्याच्यावर चालतो. डिझेलमध्ये तसा थ्रॉटल नसतो म्हणून व्हॅक्युमही नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो, आणि डीआय इंजिनला तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला मिळतो. आमच्या जीपला १९९८ ला साधा अल्टरनेटर लावला होता, तो काढून पंपवाला लावला.

ह्या पंपाला इंजिनचं ऑइल लागतं. एक बारीक पाइप ऑइल आत आणतो आणि एक जाड होज ऑइल परत खाली सोडतो. बरेच जण ऑइलचा पाइप न जोडता पंप फिरवतात आणि महिनाभरात तो जाम होतो. परतीचा होज दबलेला किंवा वर चढलेला नको.

मीटर लावला. रेसवर पाऱ्याच्या ६५० मिमीच्या आसपास व्हॅक्युम आला, छान. बूस्टरची घरगुती परीक्षा अशी, इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारायचं, ते कडक होतं, मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करायची. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं तर बूस्टर चालू आहे. मी आईला दाबायला बसवलं होतं, ती घाबरून म्हणाली अरे हे खाली गेलं. मी म्हटलं आई, तेच पाहिजे होतं.

६ एप्रिल

पाइप. सगळ्यात जास्त वेळ इथं गेला.

सगळे पाइप ३/१६ इंची, म्हणजे ४.७५ मिमी. जुन्या जीपच्या जोडण्या इंची आहेत, ३/८ इंच नट, इंचाला २४ आटे. बोलेरोच्या कॅलिपरचे होज आणि नवा मास्टर मिमीमध्ये, एम १० बाय १. आता बघा, ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी आणि २४ आटे म्हणजे पिच १.०६ मिमी, दोन्ही इतके जवळजवळ आहेत की इंची नट मिमीच्या भोकात आरामात जातो, हाताला नीट बसल्यासारखाच वाटतो. मी तसा एक लावला. पेडल दाबल्यावर आधी काही नाही, मग जोरात दाबलं तर आट्यांतून ऑइल झिरपायला लागलं. अजून आवळला तर आटे सरकले. मास्टरचं एक तोंड खराब होता होता वाचलं.

पाइपाचं तोंडही दोन प्रकारचं असतं, इंची जोडणीत आत दुमडलेलं दुहेरी आणि मिमीच्या जोडणीत बुडबुड्यासारखं फुगलेलं. एकाचं तोंड दुसऱ्याच्या खोबणीत कधीच नीट बसत नाही. जिथं दोन्ही भेटतात तिथं अ‍ॅडाप्टर आणले, ते धुळ्याला पण नाही मिळाले, नाशिकहून मागवले. आता प्रत्येक नटावर रंगाचा ठिपका लावलाय, इंची पिवळा, मिमी लाल.

१२ एप्रिल

चैत्र पौर्णिमा. जिभाऊ वणीच्या गडावर गेलेत, दरवर्षी पायी जातात, त्यामुळे गॅरेज बंद. मी एकट्याने पाइपांना क्लिपा मारल्या, दर फूटभराला एक, सायलेन्सरपासून लांब. पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून होज कुठं घासतो का बघितलं. उजवा घासत होता, अर्धा वळसा देऊन वर बांधला.

२० एप्रिल

हवा काढायची. ऑइल डॉट ४, नवं सीलबंद, उघडा डबा वापरायचा नाही. सगळ्यात लांबचं चाक आधी, मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागची दोन्ही पटकन झाली. पुढच्या चाकांतून अर्धा लिटर ऑइल काढलं तरी पेडल स्पंजासारखं. पुन्हा पहिल्यापासून, तरी तेच. दुपारचे ३ वाजले, ऊन ४२ अंश, चुलतभाऊ पेडल मारून मारून थकला.

जिभाऊ आले, वाकून बघितलं आणि म्हणाले निपल कुठं शे? हवा काढायचा निपल खाली होता. मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता. दोन्ही बसतात, बोल्टही जुळतात, पण निपल खालच्या बाजूला येतो. हवा वर चढते आणि वर अडकून बसते, खालून कितीही ऑइल काढा. निपल वर पाहिजे. अदलाबदल केली, पंधरा मिनिटांत पेडल दगडासारखं झालं.

मी म्हटलं चला आता आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी होईल. जिभाऊ म्हणाले, "हाई ब्रेकनं काम शे भो, घाई नई करानी."

२६ एप्रिल

पहिल्यांदा बाहेर काढली. गावाबाहेर ८ किलोमीटर छान चालली, मग गाडी जड लागायला लागली, क्लच सोडल्यावर पुढं सरकेना. पुढच्या दोन्ही डिस्क इतक्या तापल्या होत्या की जवळ हात नेववत नव्हता. थंड झाल्यावर सगळं ठीक.

कारण सापडलं. बूस्टरचा दांडा आणि मास्टरचा दट्ट्या यांच्यात जागाच नव्हती. पेडल सोडल्यावर दट्ट्या पूर्ण मागं आला पाहिजे, तेव्हा मास्टरमधलं बारीक छिद्र उघडतं आणि तापून वाढलेलं ऑइल टाकीत परत जातं. दांड्याने तो जरासा दाबून ठेवला तर छिद्र झाकलेलं राहतं, ऑइलला जायला वाट नाही, दाब चढत जातो, ब्रेक स्वतःच धरतात, त्याने अजून तापतं. आपल्याकडच्या उन्हात हे लवकर होतं. दांडा साधारण १ मिमी मोकळा केला. संध्याकाळी २० किलोमीटर फिरवली, डिस्क कोमट.

३० एप्रिल, आखाजी

ताई आली. घरात खापराच्या पुरणपोळ्या, आमरस, झाडाला झोका. पोरं जीपमध्ये बसायचा हट्ट करत होती. शेतापर्यंत नेली, २० च्या वेगाने. ताई बसली नाही. मी आग्रह केला नाही.

४ मे

नवे पॅड बसवायचे असतात. ५० वरून १५ पर्यंत वेग आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये गाडी मोकळी चालवून हवा लागू द्यायची, असं वीस-पंचवीस वेळा. सुरवातीला वास येतो मग जातो.

मग मुरमाच्या रस्त्यावर ३० च्या वेगाने जोरात ब्रेक मारून बघितला, चुलतभाऊ बाजूला उभा राहून चाकं बघत होता. मागची चाकं आधी लॉक झाली आणि ढुंगण डावीकडे फिरलं. ८० इंचाच्या गाडीत हे फार वाईट, क्षणात आडवी होते. ब्रेक मारल्यावर वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात म्हणून त्यांना कमी दाब पाहिजे. मागच्या लाइनला दाब कमी-जास्त करणारा फिरकीचा व्हॉल्व्ह लावला होता, तो अर्धा-अर्धा फेरा कमी करत गेलो. सातव्या वेळी पुढची चाकं आधी धरायला लागली, गाडी सरळ. मागं चार पोती टाकूनही बघितलं. फिरकीवर खूण करून ठेवली.

डांबरी रस्त्यावर ४० वरून थांबायला जुन्या ब्रेकने २१ मीटर लागत होते, हे मी फेब्रुवारीत खोलण्याआधी मोजून ठेवलं होतं. आज ११.

११ मे

कन्नड घाट. आधी मी आणि जिभाऊ दोघंच. सकाळी ६ ला निघालो, वर जाऊन चहा घेतला आणि उतरायला लागलो. दुसऱ्या गिअरमध्येच उतरवली, ब्रेक चांगले झाले म्हणून चौथ्यात उतरवायची नसते, इंजिनने धरायचं आणि ब्रेक वळणापुरता, दाबून सोडायचा. निम्म्यावर जानेवारीत जिथं थांबलो होतो तिथंच थांबवली. वास नाही, पेडल जसंच्या तसं. जिभाऊंनी डिस्कवर पाण्याचे थेंब टाकले, चर्रकन उडाले, म्हणजे तापल्यात, पण तापूनही धरतायत.

दुपारी आबांना घेऊन पुन्हा गेलो. उतरताना गाडी त्यांनीच मागितली. पहिल्या वळणाला त्यांनी सवयीप्रमाणे पेडल दोनदा पंप केलं आणि पूर्ण ताकदीने दाबलं, गाडी जागेवर उभी राहिली आणि आम्ही दोघं पुढं फेकलो गेलो. मग त्यांनी पाय हलका केला. तळाला आल्यावर इंजिन बंद करून म्हणाले, पुढच्या वेळी ताईला घेऊन येऊ.

२२ जून

पाऊस झालाय. पाटणादेवीच्या रस्त्याला नाल्यातून दोनदा नेली, हबपर्यंत पाणी. बाहेर आल्यावर पहिल्याच दाबाला पुढचे धरतात, मागचे ड्रम दोन-तीन दाबांनी वाळतात. पॅड बघितले, दोन्हीकडे सारखे झिजलेत. मागच्या उजव्या सिलिंडरला बोट फिरवलं, कोरडा. ऑइलची पातळी खुणेवर.

खर्च २६ हजारांच्या आत बसला, लेथ आणि दोनदा केलेल्या ब्रॅकेटसकट. सगळी बिलं आणि फोटो एका फाइलीत लावलेत, गाडीत बदल केला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते, ते काम आता हातात घेतोय.

राहिलेलं: हँडब्रेकच्या छोट्या ड्रमचे लायनर. जानेवारीत त्याने धरलं तेव्हाच ते संपत आले होते, मागच्या रविवारी खोलून बघितलं तर रिव्हेट दिसायला लागलेत. पुढच्या आठवड्यात नवे.